मागच्या सीटखालचा हुंकार

नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की मागच्या सीटखालून हुंऽऽऽ असा घुमणारा आवाज यायचा. शंखात हलकेच फुंकर घालावी तसा. आधी संशय चाकाच्या बेअरिंगवर गेला, पण उभ्या गाडीचं बेअरिंग वाजत नाही. शिवाय इंजिन बंद केलं की हुंकार थोड्या वेळाने विरायचा.

उलगडा पेट्रोल पंपावर झाला. झाकण फिरवताच फुस्स झालं आणि पंपावरच्या मुलाच्या हातातला फडका टाकीच्या तोंडाकडे ओढला गेला. म्हणजे हवा बाहेर येत नव्हती, आत चालली होती. पेट्रोल भरतानाही नोझल सारखं कट होत होतं.

पेट्रोल साध्या तापमानालाही उडतं. नाशिकच्या मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की टाकीत वाफ झपाट्याने साठते. ती हवेत सोडली तर इंधन वाया जातं आणि उन्हात धुरक्याला खतपाणी मिळतं. म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये नेतात. हा सक्रिय कोळसा इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर भरतो. वाफ त्याला चिकटून राहते. गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे डबा आणि इंजिन यांमधली झडप, उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळतं आणि डब्याच्या दुसऱ्या नळीतून ताजी हवा आत येते. गाड्यांवर अशी यंत्रणा पहिल्यांदा सक्तीची केली ती कॅलिफोर्नियाने, १९७० च्या मॉडेलपासून.

ताज्या हवेची ती नळीच बंद झाली तर? इंजिन ओढतच राहतं, टाकीतला दाब उतरतो आणि उरलेल्या फटीतून हवा जोराने घुसते. अरुंद फटीतून जाणारी हवा थरथरते, आणि ही थरथर पोकळ टाकीत घुमते. बासरी वाजते तीही याच न्यायाने.

सिडकोतल्या गॅरेजमधल्या दादांनी झाकण सैल करून इंजिन चालू केलं. आवाज गायब! झाकण आवळलं, दोन-तीन मिनिटांत हुंकार परत. मग ते थेट गाडीखाली शिरले आणि नळीच्या तोंडातून बोटाच्या पेराएवढा मातीचा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. कुंभारीण माशीचं घर. फोडलं तर आत वाळलेले बारीक कोळी. पिलांसाठी साठवलेला तिचा शिधा तो. तयार भोक दिसलं की ती बिऱ्हाड थाटते. कोळीसुद्धा कमी नाहीत. अमेरिकेत २०११ मध्ये माझदाने हजारो गाड्या परत बोलावल्या, त्या याच नळीत कोळ्यांनी जाळी विणल्यामुळे.

प्रत्येक आवाज बिघाडाचा नसतो. बोनेटखालची बारीक टिकटिक बहुतेक वेळा पर्ज व्हॉल्व्हची असते. तो सेकंदाला अनेकदा उघडझाप करतो, त्याचं कामच ते. कसाऱ्याचा घाट चढून आल्यावर झाकण उघडताना हवा बाहेर आली तरी घाबरू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. मुंबईत बंद झालेली वाफ इथे फुगणारच. पण पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर गाडी लगेच दाखवा. आणि वास येतोय तिथे काडी, सिगारेट काहीही पेटवू नका.

एक सवय मात्र मी सगळ्यांना कळकळीने सोडायला सांगतो. ऑटो कट झाल्यावर 'राउंड फिगर करा' म्हणत आणखी पेट्रोल भरून घेणं. टाकीत वाफेसाठी राखलेली जागा त्याने भरते आणि पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, आणि डबा बदलायचा खर्च त्या दहा-वीस रुपयांच्या राउंड फिगरपेक्षा कितीतरी मोठा असतो.

दादांनी नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवून दिली. परवा मुंबई नाक्याला तीन मिनिटं सिग्नल लागला होता. काचा वर करून ऐकलं, मागे सगळं शांत होतं. पुढून तेवढी टिकटिक येत होती.