चरे पडलेला चेंडू लांब का जातो?

माझ्या टेबलावर पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेला गोल्फचा एक चेंडू आहे. त्याचा पांढरा रंग पिवळट पडला आहे आणि एका बाजूला कोणाच्या तरी चुकलेल्या फटक्याची चंद्रकोरीसारखी खूण आहे, परंतु अंगावरच्या खळ्या अजून शाबूत आहेत. नख फिरवले की प्रत्येक खळीची कड लागते. खोली मात्र जेमतेम पाव मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन कागद एकावर एक ठेवावेत एवढीच. हल्लीच्या बहुतेक चेंडूंवर अशा 300 ते 400 खळ्या असतात. त्या बुजवून चेंडू गुळगुळीत केला, तर त्याच खेळाडूचा तोच फटका चेंडूला जवळपास निम्म्याच अंतरावर नेऊन सोडेल.

गोल्फमध्ये गेल्या दोनशे वर्षांत मैदाने बदलली, क्लब म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या बदलल्या, गवत राखण्याच्या रीती बदलल्या. तरीही या खेळाचे खरे भले कोणी केले असेल तर ते चेंडूने, असे माझे मत आहे. मूठभर श्रीमंतांच्या हातातला खेळ बाकीच्यांना परवडू लागला तो चेंडू स्वस्त झाल्यामुळे. आणि चेंडू चांगला कसा होतो हे भौतिकशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी, खराब झालेल्या चेंडूंनी खेळणाऱ्यांना कळले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये खेळला जाणारा चेंडू पिसांचा असे. चामड्याचे तुकडे भिजवून शिवायचे, पिशवी उलटी करायची आणि ठेवलेल्या छोट्या फटीतून हंसांची उकडलेली पिसे लोखंडी सळईने ठासून भरायची, असे ते काम होते. एका चेंडूत उंच टोपी भरेल इतकी पिसे मावत. फट शिवून चेंडू वाळवला की चामडे आवळे आणि आतली पिसे फुगत. या दोन उलट ताणांतून दगडासारखा टणक गोळा तयार होई. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच चेंडू निघत. सेंट अँड्र्यूज गावातल्या अ‍ॅलन रॉबर्टसनच्या प्रसिद्ध दुकानात 1844 साली वर्षभरात 2,456 चेंडू तयार झाल्याची नोंद आहे, आणि ती त्या काळी भरभराटीची मानली जाई. त्यामुळे एक चेंडू कित्येकदा एका क्लबपेक्षा महाग पडे. पावसात तो पाणी पिऊन जड होई, शिवणीवर घाव बसला की फाटे, आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने कारागीर दम्यासारख्या दुखण्यांनी जर्जर होत. स्कॉटलंडच्या पावसात असा चेंडू घेऊन खेळणे हे श्रीमंतांनाच परवडणारे होते.

या चेंडूची सद्दी 1848 च्या सुमारास मलायातल्या एका झाडाच्या चिकाने संपवली. हा चीक म्हणजे गटापर्चा. सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या विल्यम माँटगोमेरी या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने 1843 मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले होते. गटापर्चा आणि रबर यांचे रेणू एकाच घटकाच्या साखळीने बनलेले असतात. फरक असतो तो कड्या जोडण्याच्या दिशेत. रबराची साखळी वळणे घेत जाते म्हणून ते ताणले जाते, गटापर्चाची साखळी सरळ जाते म्हणून रेणू एकमेकांशेजारी नीट रचले जातात आणि पदार्थ थंड असताना कडक राहतो. गरम पाण्यात टाकला की मात्र तो कणकेसारखा मऊ होतो आणि हवा तो आकार घेतो. रूट कॅनॉल करताना दंतवैद्य दाताच्या मुळात जी बारीक गुलाबी काडी भरतात, ती याच पदार्थाची असते. 1870 मध्ये मुंबईला एडनमार्गे सुएझशी जोडणारी जी समुद्राखालची तार टाकली गेली, तिच्या तांब्याभोवतीही गटापर्चाचाच थर होता.

हा पदार्थ गोल्फमध्ये कसा आला याची एक कथा सांगितली जाते. सिंगापूरहून सेंट अँड्र्यूजला विष्णूची एक संगमरवरी मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स पॅटरसन नावाच्या तरुणाने त्यांतूनच पहिला चेंडू वळला, अशी ती कथा आहे. ऐकायला फार गोड आहे, म्हणूनच मी ती जरा जपून सांगतो. निश्चित आहे ते एवढेच की नवा चेंडू पिसांच्या चेंडूच्या अगदी थोड्या किमतीत मिळू लागला. तो पाण्याने बिघडत नसे, आणि ठेचला गेला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा गोल करता येई. रॉबर्टसनला हा चेंडू आपल्या धंद्याच्या मुळावर आलेला दिसला. त्याच्या दुकानात काम करणाऱ्या टॉम मॉरिसने तो खेळून पाहिला तेव्हा दोघांत बेबनाव झाला आणि मॉरिस 1851 मध्ये प्रेस्टविकला निघून गेला. पुढे याच मॉरिसने ओपन ही ब्रिटनमधली मानाची स्पर्धा चार वेळा जिंकली.

नव्या चेंडूत एकच खोट होती: तो उडत नसे. नवा, गुळगुळीत चेंडू थोडा वर जाऊन मध्येच गचका खाऊन खाली येई. मात्र दोन-चार डाव खेळून क्लबचे घाव बसले, चरे पडले, की तोच चेंडू सरळ आणि लांब जाऊ लागे. नवी वस्तू वापरून जुनी झाल्यावर सुधारते, हा अनुभव नव्या वहाणांच्या बाबतीत आपल्याला असतो, पण चेंडूच्या बाबतीत तो कोणाला अपेक्षित नव्हता. खेळाडू मुद्दाम जुने चेंडू निवडू लागले, कारागीर नव्या चेंडूंवर हातोडीच्या धारेने खुणा पाडू लागले, आणि पुढे साच्यातच नक्षी कोरली जाऊ लागली. शतकाच्या अखेरीस तुतीच्या फळासारखे उंचवटे असलेला चेंडू सर्वत्र रूढ झाला होता. असे का होते हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. हवेतून जाणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागाला लगटून हवेचा एक पातळ थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. ही कल्पना जर्मनीतल्या लुडविग प्रांट्ल यांनी 1904 मध्ये मांडली. चेंडू पुढे जाताना हा थर त्याच्या अंगावरून मागे सरकतो, पण चेंडूच्या मागच्या उतारावर त्याचा वेग संपतो आणि तो पृष्ठभाग सोडून देतो. तिथून पुढे चेंडूच्या मागे भोवऱ्यांनी भरलेली कमी दाबाची रुंद शेपटी तयार होते. पुढे दाब जास्त आणि मागे कमी, त्यामुळे चेंडू जणू मागे ओढला जातो. गुळगुळीत चेंडूवरचा थर शांत, एकावर एक पदर सरकावेत तसा वाहतो, आणि असा शांत थर लवकर दमतो. खळ्यांमुळे तो थर ढवळला जातो. बाहेरची वेगवान हवा आत मिसळते, थराला नवा जोर मिळतो, आणि तो चेंडूच्या पाठीला आणखी दूरवर चिकटून राहतो. साहजिकच मागची शेपटी अरुंद होते आणि हवेचा रोध जवळजवळ निम्म्यावर येतो.

गुळगुळीत गोळ्याच्या बाबतीतही हा बदल घडतो, पण त्याला फार वेग लागतो. गुस्ताव्ह आयफेल, म्हणजे मनोऱ्यामुळे प्रसिद्ध झालेले तेच अभियंते, यांनी 1912 मध्ये पॅरिसमधल्या आपल्या पवनबोगद्यात, म्हणजे वस्तूवर हवेचा झोत सोडून पाहण्याच्या बोगद्यात, पाहिले की एका विशिष्ट वेगापुढे गोळ्यावरचा रोध वाढण्याऐवजी एकदम कोसळतो. दोन वर्षांनी प्रांट्ल यांनी गोळ्याभोवती बारीक तारेचे कडे बसवले, आणि रोध कमी वेगालाच कोसळला. गोल्फच्या चेंडूएवढ्या गुळगुळीत गोळ्याला हा टप्पा गाठायला ताशी साधारण 380 किलोमीटर वेग लागेल. कसलेल्या खेळाडूच्या फटक्याने चेंडू ताशी 250 ते 275 किलोमीटर वेगाने निघतो, म्हणजे गुळगुळीत चेंडू तिथवर कधीच पोहोचत नाही. खळ्यांमुळे हा टप्पा ताशी 60 किलोमीटरच्या आसपास येतो आणि चेंडूचा जवळजवळ सगळा प्रवास कमी रोधात होतो. क्रिकेटमध्ये नव्या चेंडूची शिवण एका बाजूचा थर ढवळते आणि दुसरी बाजू शांत राहते म्हणून चेंडू स्विंग होतो, त्यामागचे शास्त्र हेच आहे. तिथे फायदा दोन बाजूंतल्या फरकाचा, इथे सर्व बाजू सारख्या असण्याचा.

रोध कमी होणे ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेला अर्धा भाग एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी आधीच सोडवला होता. गोल्फचे त्यांना वेड होते, आणि त्यांचा मुलगा फ्रेडी याने हौशी खेळाडूंची ब्रिटिश स्पर्धा 1896 आणि 1898 अशी दोनदा जिंकली. चेंडू इतका वेळ हवेत कसा राहतो, हा टेट यांचा प्रश्न होता, कारण केवळ वेग आणि गुरुत्वाकर्षण धरून केलेले गणित जुळत नव्हते. चेंडू उलटी गिरकी घेत असावा अशी त्यांना शंका आली. ती तपासण्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. लांब, पीळ नसलेल्या फितीचे एक टोक चेंडूला जोडायचे, दुसरे जमिनीला. मग चांगल्या खेळाडूकडून तो चेंडू एक-दोन यार्डांवरच्या चिकणमातीच्या भिंतीत मारून घ्यायचा आणि चेंडू मातीत रुतला की फितीला किती पीळ बसले ते मोजायचे. खेळाडूगणिक सेकंदाला 40 ते 120 फेऱ्या असे उत्तर आले. आज रडार आणि वेगवान कॅमेरे सरळ मोठ्या फटक्यासाठी सेकंदाला साधारण 45 फेऱ्या मोजतात आणि आखूड, उंच फटक्यासाठी त्याच्या तिपटीहून अधिक. फितीच्या प्रयोगासाठी हे काही वाईट उत्तर नव्हे.

उलट्या गिरकीत चेंडूचा वरचा भाग मागे सरकत असतो. तिथला हवेचा थर चेंडूबरोबर अधिक मागपर्यंत जातो, खालचा लवकर सुटतो, आणि चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते. तिच्या प्रतिक्रियेने चेंडू वर उचलला जातो. गोल्फचा चेंडू फटक्यानंतर काही वेळ जणू गुरुत्वाकर्षण विसरून तिरका वर चढताना दिसतो तो यामुळे. खळ्यांमुळे हवेचा थर चेंडूला नीट धरून राहतो आणि गिरकीचा परिणाम भरवशाने मिळतो. हेच बल कडेला वळले की नवख्याचा चेंडू झाडीत जातो.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी 1905 मध्ये उंचवट्यांऐवजी खळ्यांच्या चेंडूसाठी पेटंटचा अर्ज केला. भिंगे घडवण्याच्या धंद्यातला हा माणूस. खरे तर त्याने नक्षी फक्त उलटी केली. पण उंचवटे झिजतात आणि खळ्या तुलनेने टिकतात, हा फरक मैदानावर लगेच दिसू लागला. त्याच सुमारास चेंडूचा गाभाही बदलत होता. अमेरिकेतल्या कोबर्न हॅस्केल यांनी 1898 मध्ये रबराचा ताणलेला दोरा गुंडाळून चेंडू करायची युक्ती काढली. 1902 च्या ओपन स्पर्धेत सँडी हर्ड तो चेंडू घेऊन खेळले आणि हॅरी व्हार्डन व जेम्स ब्रेड यांना एका फटक्याने मागे टाकून जिंकले. त्यानंतर गटापर्चाचा चेंडू पाहतापाहता मागे पडला.

दोऱ्याचा चेंडू जवळपास शंभर वर्षे टिकला. त्याला हटवले ते घट्ट कृत्रिम रबराच्या गाभ्याने आणि त्यावरच्या प्लास्टिकच्या थरांनी. टायगर वूड्स यांनी 2000 सालची अमेरिकन ओपन अशाच भरीव चेंडूने 15 फटक्यांच्या फरकाने जिंकली, आणि दोन-तीन वर्षांत व्यावसायिकांच्या पिशव्यांतून दोरा नाहीसा झाला. थरांची ही रचना हुशारीची आहे: जोराच्या फटक्यात चेंडू आतपर्यंत दबतो आणि कमी गिरकीने सुसाट जातो, तर जवळच्या हलक्या फटक्यात क्लबचा संबंध फक्त मऊ बाह्य थराशी येतो आणि गिरकी भरपूर मिळते. पूर्वी या दोहोंपैकी एक निवडावे लागे. हौशी खेळाडूला तर आणखी एक लाभ झाला, कारण जुन्या चेंडूचे मऊ आवरण एका चुकलेल्या फटक्याने कापले जाई आणि चेंडू वाया जाई. आजचा चेंडू हरवेपर्यंत टिकतो.

चेंडू किती चांगला व्हावा याला नियमांनी मर्यादा घातल्या आहेत. त्याचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. 1970 च्या दशकात पोलारा नावाचा एक चेंडू निघाला. त्याच्या खळ्या मध्यावर नेहमीसारख्या आणि दोन्ही टोकांना उथळ होत्या, त्यामुळे तो हवेत आपोआप सरळ राहायचा. नवख्यांना वरदान वाटावे असा हा चेंडू नियमांत बसवू दिला गेला नाही आणि 1981 पासून चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडला पाहिजे अशी अट आली. मला हा निर्णय पटतो; सरळ मारणे ही खेळाडूची विद्या आहे, ती चेंडूकडे सोपवली तर खेळात काय उरले?

अंतराचा प्रश्न अधिक अवघड आहे. फटके लांबले तशी मैदाने लांबवावी लागली, आणि लांब मैदान म्हणजे जास्त जमीन, जास्त पाणी. डिसेंबर 2023 मध्ये खेळाच्या नियामक संस्थांनी चेंडूच्या चाचणीतला क्लबचा वेग ताशी 120 मैलांवरून 125 मैलांवर नेण्याचे जाहीर केले. अंतराची कमाल मर्यादा मात्र तीच, 317 यार्डांची ठेवली. म्हणजे यापुढचा चेंडू थोडा आखूडच जायला हवा. असा प्रयोग पूर्वी एकदा झाला आहे. 1931 मध्ये अमेरिकेत हलका चेंडू सक्तीचा केला गेला, तेव्हा तो वाऱ्यावर फुग्यासारखा भरकटू लागला, खेळाडूंनी ओरड केली आणि वर्षभरात जुने वजन परत आणावे लागले.