अ‍ॅम्बॅसडर–फियाट स्पर्धा

अ‍ॅम्बॅसडर–फियाट स्पर्धा : हिंदुस्थान मोटर्स (अ‍ॅम्बॅसडर) आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स (फियाट) या दोन भारतीय कंपन्यांमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९८३ पर्यंत चाललेली मोटारविक्रीतील चढाओढ. तिसरी मोटार मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची, १९६१ पासून मिळू लागलेली हेरल्ड. तिचे चाहते होते, पण खपात ती या दोघींच्या बरीच मागे राहिली. या काळात गिऱ्हाइकासाठी मोटार नव्हती, मोटारीसाठी गिऱ्हाइकांची रांग होती. ही स्पर्धा समजून घेताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

दोन्ही कंपन्यांचा जन्म स्वातंत्र्यापूर्वीचा. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये गुजरातेतील ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना घालून क्रायस्लरच्या करारावर त्यांनी डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या जुळवायला सुरुवात केली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि प्रीमियरचे नाव लोकांच्या तोंडी ‘फियाट’ असेच बसले. तोवर मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्ड सुटे भाग आणून गाड्या जुळवत होत्या. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, देशातच गाडी घडवण्याची योजना ज्यांच्याकडे आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. परदेशी कंपन्या निघून गेल्या, आयात जवळजवळ थांबली आणि मैदान दोघांना मोकळे झाले.

मोकळे म्हणजे कुंपण घातलेले. वर्षाला किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरे. यंत्रे आणि सुटे भाग आणायला परकीय चलन लागे, तेही दिल्लीतून मंजूर होऊन येई. मोटार ही सरकारच्या लेखी चैनीची वस्तू असल्याने क्षमता वाढवून मिळणे अवघड होते. किमतीवरही बंधन आले. १९६९ च्या आदेशाने सरकारने तिन्ही गाड्यांच्या किमती ठरवून दिल्या. प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्या त्याविरुद्ध एकाच वेळी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ मध्ये निकाल लागला. परस्परांवर मात करण्यापेक्षा सरकारशी वाटाघाट करणे दोघींनाही अधिक गरजेचे होते, याचा याहून ठळक दाखला सापडणार नाही.

गिऱ्हाईक पैसे भरून नाव नोंदवी आणि वर्षानुवर्षे थांबे. फियाटसाठीची रांग बहुधा अ‍ॅम्बॅसडरपेक्षा लांब असे, म्हणजे शहरी मध्यमवर्गाचा कल कुठे होता ते कळते. नवी गाडी हाती येताच कारखान्याच्या किमतीवर वर पैसे घेऊन विकता येई. विक्रेत्याला सूट द्यावी लागत नव्हती, जाहिरातीवर जोर देण्याचेही कारण नव्हते. रंगसुद्धा पुष्कळदा उपलब्ध असेल तोच घ्यावा लागे.

तरीही निवड होती आणि ती लोक मनापासून करत. १९५७ मध्ये उत्पादनात आलेली अ‍ॅम्बॅसडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, सव्वाचार मीटरहून लांब, १,४८९ सीसी इंजिनाची. मागच्या बाकावर तिघे ऐसपैस बसत, खड्ड्यांची तिला पर्वा नसे. मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी आणि साखर कारखान्याचे अध्यक्ष तिच्यातून फिरले. फियाट १,०८९ सीसीची, चार मीटरहून आखूड. गल्लीत वळायला सोपी, पेट्रोल कमी पिणारी. डॉक्टर, वकील, पारशी कुटुंबे आणि मुंबईचे टॅक्सीवाले यांची ती गाडी. १९५० च्या दशकातल्या गोल पाठीच्या फियाटला महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ म्हणत. त्यानंतर इलेगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या. सुपर सिलेक्टपर्यंत पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला असे. १९६४ च्या डिलाइटपासून ती पुढे आली. मग तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. कलकत्त्यात पिवळी अ‍ॅम्बॅसडर आणि मुंबईत काळी-पिवळी फियाट, अशी टॅक्सींची वाटणीही कारखान्यांच्या पत्त्याप्रमाणे झाली होती.

खरी चुरस विक्रीनंतर होती आणि तिचे श्रेय गॅरेजवाल्यांना द्यायला हवे. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दोन्ही गाड्या तोंडपाठ असत. कार्ब्युरेटर उघडून साफ करणे, क्लच प्लेट बदलणे, रेडिएटरला डाग देणे हे सर्व रस्त्याच्या कडेला होई. सुटे भाग गावोगाव मिळत. गाड्यांचे आयुष्य त्यांनी वाढवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे मतही बहुतेक वेळा त्यांच्याच शब्दावर बनले.

कारखान्यांनी मात्र फार थोडे बदलले. मार्क दोन, मार्क तीन, मार्क चार अशी अ‍ॅम्बॅसडरची नावे पुढे सरकली. बदलली ती मुख्यतः पुढची जाळी, दिवे आणि आतली सजावट. पद्मिनीचे मूळ १९६२ सालच्या इटालियन गाडीत होते आणि तो साचा पुढे जवळजवळ चार दशके चालला. ही अभियंत्यांची कुवत कमी पडल्याची गोष्ट नव्हे. जे बनते ते सगळे विकले जाते आणि जास्त बनवायला परवानगी नाही, तेव्हा नव्या साच्यावर भांडवल घालायचे कारणच उरत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये सरकारी मारुती उद्योगाने सुझुकीच्या साहाय्याने ७९६ सीसीची मारुती ८०० रस्त्यावर आणली. हलकी, स्वस्त, कमी इंधनात चालणारी ही गाडी येताच दोन्ही कंपन्या हलल्या. व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर आधारलेली काँटेसा हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये आणली. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचे इंजिन बसवून ११८ एनई काढली. अ‍ॅम्बॅसडरला इसुझूचे १,८०० सीसी इंजिन १९९० च्या दशकाच्या आरंभी मिळाले. मधल्या तीस वर्षांत एकमेकींच्या भीतीने जे झाले नाही, ते मारुतीच्या भीतीने झाले. तोवर अर्ध्याहून अधिक बाजार मारुतीकडे गेला होता. १९९३ मध्ये मोटारींवरची परवान्याची अट उठली आणि परदेशी कंपन्या परतल्या. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास संपले. अ‍ॅम्बॅसडर सरकारी खरेदी आणि टॅक्सींच्या आधारावर मे २०१४ पर्यंत टिकली. शेवटच्या आर्थिक वर्षात तिच्या सुमारे २,२०० गाड्या विकल्या गेल्या आणि २०१७ मध्ये हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना घेतले.