पीक किती आणे? नजर आणेवारीपासून पीक कापणी प्रयोगापर्यंत

दर खरिपात दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्याजिल्ह्यांतून पैसेवारीचे, म्हणजे पूर्ण पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे याचे, आकडे येऊ लागतात आणि गावोगावी एकच विचारणा सुरू होते: आपलं गाव ५० पैशांच्या वर की खाली? खाली असेल तर शेतसारा, वीजबिल, परीक्षा शुल्क यांतल्या सवलतींची दारं उघडतात. १९५७ मध्ये नाणी दशमान झाली, आणे गेले, पण लोकांच्या तोंडी शब्द आजही ‘आणेवारी’च आहे.

मूळ पद्धत सोपी होती. चांगल्या वर्षाचं पीक पूर्ण धरायचं आणि यंदा त्यातलं किती हाती लागेल ते आण्यांत सांगायचं. सरासरी उत्पन्न गुणिले आणेवारी गुणिले पेऱ्याचं क्षेत्र, की एकूण उत्पादन तयार. यातलं क्षेत्र बऱ्यापैकी भरवशाचं असे, कारण सर्व्हे नंबर मोजलेले होते. गोची मधल्या आकड्यात होती. कुठे सर्वसाधारण पीक १६ आणे मानत, कुठे १२. आणि तो आकडा नजरेने ठरे, म्हणून ‘नजर आणेवारी’.

नजर चुकते हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की, पाहणाऱ्याचा त्यात काही ना काही हितसंबंध असे. मुंबई इलाख्यातल्या खेडा जिल्ह्याचा (आता गुजरातेत) १९१८ चा सत्याग्रह याच आकड्यावरून झाला. नियमाप्रमाणे पीक ४ आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब व्हायला हवी होती. सरकारी अंदाज ४ आण्यांच्या वर, शेतकऱ्यांचा खाली. शेतं तीच, पीक तेच. सारा वसूल करणाऱ्याला पीक बरं दिसत होतं आणि भरणाऱ्याला बुडालेलं.

आता याच काळातली इंग्लंडमधली गोष्ट पाहा. प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचं वजन ओळखण्याची स्पर्धा लागली होती; तिकीट ६ पेन्स. संख्याशास्त्रात काम करणाऱ्या फ्रान्सिस गाल्टन यांनी ती तिकिटं मिळवली आणि त्यातली बाद वगळून उरलेली ७८७ चढत्या क्रमाने लावली. मधोमध आलेला अंदाज १,२०७ पौंडांचा होता आणि प्रत्यक्ष वजन भरलं १,१९८ पौंड. चूक एक टक्क्याच्याही आत. १९०७ मध्ये त्यांनी हे छापलं ते ‘लोकांचा आवाज’ अशा अर्थाच्या लॅटिन मथळ्याखाली. आपल्याकडे त्याला ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणता येईल. पण तिथे प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्रपणे लिहून दिला होता आणि बैल जड निघो की हलका, बक्षीस अचूक अंदाजालाच होतं. चावडीवर या दोन्ही अटी मोडतात. सगळे एकमेकांसमोर बोलतात, आधी बोलणाऱ्याच्या आकड्याभोवती बाकीचे घुटमळतात आणि आणेवारी घसरली तर सगळ्या गावाचं भलं होतं. अशा वेळी माणसं वाढवून उपयोग नसतो. सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकलेली असली की सरासरीत ती कटत नाही.

त्यावरचा उपाय भारतातच घडला. बिहार-ओरिसात जे. ए. हबक या आयसीएस अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात भाताची शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, त्यांतले छोटे तुकडे कापले आणि धान्य तोललं. पुढे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये हे काम फार मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांची एक युक्ती आजही वापरण्याजोगी आहे: एकाच भागात दोन पथकं स्वतंत्रपणे पाठवायची आणि दोघांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पाहायचं.

मग वाद झाला तो तुकड्याच्या आकाराचा. महालनोबिस लहान वर्तुळं कापत. खर्च कमी, म्हणून संख्या जास्त. पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे या कृषी संख्याशास्त्रज्ञांनी मोठ्या आयताचा आग्रह धरला: ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा बरोबर ऐंशीवा भाग. कारण कडेची रोपं. रोप आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे १ फूट कड येते. त्या आयतात जेमतेम ०.१८ फूट. म्हणजे घोळाला साडेपाचपट जास्त वाव. लहान तुकडे उत्पन्न फुगवून सांगतात, हे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं.

त्या आयताचं मेट्रिक रूप म्हणजे १० बाय ५ मीटर. काही राज्यांत, काही पिकांना वेगळी मापं आहेत, पण या पीक कापणी प्रयोगाची रीत एकच. गावाच्या यादीतून यादृच्छिक अंकांच्या तक्त्याने गट नंबर काढायचा. रस्त्यालगतचं सोयीचं शेत घेतलं की प्रयोग तिथेच बाद. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजत लांबी-रुंदी काढायची, तक्त्यातल्या अंकांची जोडी घेऊन तितकी पावलं आत जायचं आणि पहिली खुंटी ठोकायची. चारही खुंट्या झाल्या की कर्ण मोजायचा. तो ११.१८ मीटर भरला नाही तर चौकट तिरकी झाली आहे. दोरीवर आलेल्या रोपाचं मूळ निम्म्याहून जास्त आत असेल तरच ते धरायचं. मळणी करून वजन घ्यायचं आणि एक नमुना वाळवून पुन्हा तोलायचा, नाहीतर ओलाव्याचं वजन उत्पन्नात जमा होतं. कापसाला प्रत्येक वेचणी त्याच चौकटीतून करून बेरीज करावी लागते.

५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. चौकटीत साडेसहा किलो निघाले तर हेक्टरी १,३०० किलो. काट्यावरची अर्ध्या किलोची चूक हेक्टरी १०० किलोंची होते.

हा आकडा पुढे पैशांना कसा बांधला गेला, त्यामागे पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आहेत. केंद्र सरकारच्या धर्म नारायण समितीने १९७० च्या सुमारास पीक विमा व्यवहार्य नसल्याचं मत दिलं होतं. एकेका शेतकऱ्याच्या उत्पन्नाची नोंद नाही, प्रत्येक शेतावर माणूस पाठवणं परवडत नाही, आणि विमा आहे म्हणून मशागतीत कुचराई झाली तर ती पकडायची कशी? १९७६ मध्ये दांडेकरांनी मुद्दाच फिरवला. शेत पाहूच नका, परिसराची सरासरी पाहा. ती घसरली तर सगळ्यांना भरपाई. एकट्याने कुचराई केली तर सरासरी हलत नाही. किंमत अशी की नुसत्या सरासरीवर भरपाई ठरली, एखाद्याचं पीक गेलं पण त्याच्या महसूल मंडळाची सरासरी टिकली, तर त्याच्या हाती काही येत नाही. आजच्या विम्याबद्दलच्या अनेक तक्रारींचं मूळ इथे आहे, आणि तो कुणाचा गैरव्यवहार नसून रचनेचाच भाग आहे.

१९७९ चा पथदर्शी प्रयोग, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना याच विचारावर उभ्या राहिल्या. उंबरठा उत्पन्न (ज्याखाली सरासरी गेली की भरपाई सुरू होते) १,३०० किलो, विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आणि प्रयोगांची सरासरी १,०४० किलो असेल, तर तूट २० टक्के आणि भरपाई हेक्टरी १०,००० रुपये. म्हणजे सरासरीतला तोच अर्धा किलो आता हेक्टरी सुमारे ३,८०० रुपयांचा झाला, तोही मंडळातल्या प्रत्येक विमाधारकासाठी. साहजिकच चौकटीच्या एका बाजूला शेतकरी उभा राहतो, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि मध्ये टेप धरलेला कर्मचारी. नजरेतला हितसंबंध काढायला आणलेल्या टेपलाच हितसंबंध चिकटले.

म्हणून आता जागेच्या नोंदीसह मोबाइलवर फोटो आले आणि उपग्रहाच्या अंदाजाला काही पिकांत ठरावीक वजन दिलं जाऊ लागलं. दुष्काळ ठरवण्यासाठीही केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पैसेवारीऐवजी पाऊस, जमिनीतला ओलावा आणि वनस्पतींची स्थिती यांचे निर्देशांक पुढे केले. उपग्रहाचं गणित मात्र आधी कशाशी तरी ताडून घ्यावं लागतं, आणि ते ताडलं जातं त्याच चौकटींतून निघालेल्या किलोंशी.