गायीची अंडी संपणार नाहीत, मामा

चतुर्थीला सत्तरी तालुक्यात मामाकडे गेलो तर मामा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलेला, इंजेक्शनं देऊन एकाच गायीपासून वर्षाला दहा-बारा वासरं. मला म्हणतो, "अरे, अशी इंजेक्शनं मारली तर गायीची अंडी लवकर संपणार नाहीत काय रे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे, पण उत्तर उलटं आहे. गायीचं माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं, त्यात दोन-तीनदा बीजांडकोशात फॉलिकल्सची एक लाट उठते, म्हणजे पाण्याचे बारीक फोड आणि प्रत्येकात एक अंडं. सगळे एफएसएच ह्या हार्मोनवर वाढतात. मग त्यातला एक पुढे जातो आणि तोच एफएसएच खाली आणतो, स्वतः कमी एफएसएचवर निभावून नेतो, बाकीचे उपाशी मरतात (भाऊबंदकीच म्हणा). बाहेरून एफएसएच दिलं की हे मरणारेच वाचतात. नवीन अंडं एकही तयार होत नाही, जी फुकट जाणार होती तीच कामाला येतात.

एफएसएच रक्तात काही तासच टिकतं, म्हणून चार दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, डोस कमी कमी करत. तिसऱ्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे माजावर आणणारं हार्मोन, की दोनेक दिवसांत गाय माजावर. मग बारा तासांच्या अंतराने दोनदा भरवायची (कृत्रिम रेतन) आणि सातव्या दिवशी गर्भाशयात नळी घालून पाणी सोडून भ्रूण धुवून काढायचे. ते तिच्याच पोटात ठेवून चालत नाही, एवढी ओझी कोण पेलणार, शिवाय जुळ्यात पाडा आणि पाडी असली तर पाडी बहुतेक वेळा वांझ निघते. म्हणून प्रत्येक भ्रूण दुसऱ्या गायीत, तीही त्याच सुमारास माजावर येऊन गेलेली हवी. सरासरी पाच-सहा चांगले भ्रूण मिळतात, पण एका गायीला पंधरा आणि शेजारच्या गायीला शून्य असंही होतं, आणि ते आधी सांगता येत नाही. म्हशीत तर अजूनच कमी.

आपल्या गोव्याची श्वेतकपिला आहे ना, पांढरी, लहानखुरी, तसल्या जातीची चांगली गाय असेल तर हा खटाटोप परवडतो, कारण तिचं वासरू कुठल्याही साध्या गायीच्या पोटातून येऊ शकतं.

मामाच्या गायीची अडचण मात्र एवढीच, ती माज दाखवत नव्हती. तिला ह्यातलं काहीच नको, अंड्यांचा आकडा न वाढवता फक्त वेळ जुळवणारी इंजेक्शनं असतात, दहा दिवसांत भरवून मोकळं. मामा म्हणाला, "म्हणजे मला एकच वासरू?"