बॅग भरली, आता काय टाकू?

ऑनलाइन खेळात आपल्या पात्राजवळचं सामान जिच्यात राहतं ती बॅग मोठी करा, ही मागणी लातूर, परभणी, नांदेडकडच्या खेळाडूंच्या ग्रुपवर वरचेवर उगवते. सध्या आमच्या अशाच एका ग्रुपमधली मंडळी एका ऑनलाइन खेळाच्या कंपनीला पाठवायचं सूचनापत्र लिहायला बसलीत. पहिल्या मसुद्यात मागण्यांची भली मोठी यादी झाली आणि निम्म्या मागण्यांवर आपसातच जुंपली. एकाला जी गैरसोय वाटते, तीच दुसऱ्याला खेळाची मजा वाटते. बॅगेला मर्यादा मुळात का आली आणि पुढे तिचं काय काय झालं हे पाहिलं, तर कोणत्या मागणीत दम आहे आणि कोणती वाया जाणार याचा बराच अंदाज येतो. म्हणून ही पार्श्वभूमी.

गोष्ट संगणकी खेळांच्याही बाहेर सुरू होते. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-पेन्सिलीच्या खेळात पात्राच्या अंगावरचं ओझं सोन्याच्या नाण्यांच्या वजनात मोजायचे. ओझं वाढलं की चाल मंदावायची. खजिना सापडला तरी सगळा उचलून नेता येत नाही, हाच त्यातला पेच होता. विल क्राउथरने १९७६ च्या सुमारास लिहिलेला आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये वाढवलेला 'अ‍ॅडव्हेंचर' हा नुसत्या मजकुरावर चालणारा खेळ. त्यात 'इन्व्हेंटरी' असं टाइप केलं की जवळच्या वस्तूंची यादी यायची, आणि सातच्या वर वस्तू उचलायला खेळ साफ नकार द्यायचा. त्यामागोमाग आलेल्या 'झॉर्क'मध्ये पूर्ण शब्दाऐवजी 'आय' हे एक अक्षर पुरेसं झालं. आजही संगणकावरच्या कितीतरी खेळांत 'आय' दाबलं की बॅग उघडते.

१९८० च्या 'रोग' या खेळाने प्रत्येक वस्तूला इंग्रजी अक्षर दिलं. तीच पद्धत उचलणाऱ्या १९८७ च्या 'नेटहॅक'मध्ये लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं, म्हणून बॅगेत ५२ जागा. ही मर्यादा कीबोर्डाने घातलेली होती, खेळाच्या मजेसाठी नव्हे. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे कामाला येतो.

मग आली चौकट. १९९६ संपता संपता 'डायब्लो' बाजारात आला. त्यातली बॅग म्हणजे दहा बाय चारची जाळी, एकूण ४० घरं. औषधाची बाटली एक घर खाई, चिलखत दोन बाय तीन म्हणजे सहा घरं. सोन्याची नाणीसुद्धा जागा अडवायची, एका घरात फार तर ५,०००. वस्तू ठेवायला वेगळी पेटी नव्हती, त्यामुळे लोक गावातल्या मोकळ्या जमिनीवर तलवारी, चिलखतं मांडून ठेवत. आता हे वाचून हसू येतं, पण त्या जाळीत एक खुबी होती. बॅग उघडली की एका नजरेत कळायचं काय आहे आणि किती जागा उरलीय. यादी वाचत बसावी लागत नसे. सामान नीट रचणं हाच एक छोटा खेळ झाला आणि तो लोकांना आवडला.

२००० साली दुसरा भाग आला तेव्हा पेटी मिळाली, नाण्यांनी जागा अडवणं बंद झालं, आणि सारख्या लागणाऱ्या मंत्रांच्या गुंडाळ्यांसाठी पुस्तक आलं. एका पुस्तकात वीस गुंडाळ्या मावायच्या. तरी पेटी पुरेना. मग खेळाडूंनी निव्वळ सामान ठेवायला जादा पात्रं तयार केली. त्यांना 'म्यूल' म्हणत, म्हणजे खेचर. लढाई-बिढाई काही नाही, नुसतं ओझं वाहायचं. पात्रांमध्ये वाटून वापरता येईल अशी सामायिक पेटी त्याच खेळाला अधिकृतपणे मिळाली ती २०२१ च्या नव्या आवृत्तीत. खेळाडू एखाद्या अडचणीवर असा उलटा हात घालून घास खाऊ लागले की समजावं, सूचना देण्यासारखी जागा तिथेच आहे.

याच दोन भागांच्या मध्ये पडद्यामागे एक मोठा बदल झाला. आजच्या तक्रारींशी त्याचा सरळ संबंध आहे. पहिल्या 'डायब्लो'त पात्र आणि त्याचं सामान खेळाडूच्या स्वतःच्या संगणकात साठत होतं. लोकांनी फायली फिरवून वस्तूंच्या नकला काढल्या आणि ऑनलाइन खेळाची पार वाट लावली. म्हणून दुसऱ्या भागाच्या अधिकृत ऑनलाइन खेळात सगळं कंपनीच्या सर्व्हरवर गेलं. तेव्हापासून बॅगेतली वस्तू इकडून तिकडे सरकवणं म्हणजे प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारणं. तो हो म्हणाला तरच वस्तू हलली. संभाजीनगरात फायबरवर बसलेल्याला हे जाणवतही नाही. शेतातल्या आखाड्यावरून, रेंजची एक दांडी आली-गेली करत असताना खेळणाऱ्याला ते पदोपदी जाणवतं.

२००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने पाठीवरची १६ घरांची मूळ पिशवी आणि वर आणखी चार पिशव्या लावायची सोय दिली. पिशव्यांची ही उतरंड दिसायला छान, पण हवी ती वस्तू नेमकी तळाच्या गाडग्यात. इथे कंपनीने एक शहाणपण केलं. खेळाडूंना छोटे प्रोग्राम, म्हणजे अ‍ॅडऑन, लिहून खेळाचा पडदा बदलायची मुभा दिली. लोकांनी सगळ्या पिशव्या एका खिडकीत दाखवणारी, आपोआप लावून देणारी, शोधपट्टी असणारी अ‍ॅडऑन लिहिली आणि लाखोंनी ती वापरली. कंपनीने त्यातल्या सोयी हळूहळू मूळ खेळात घेतल्या. आवरून देणारं बटण आणि गंमतीच्या वस्तूंची वेगळी पेटी २०१४ मध्ये, कपड्यांची नुसती नोंद ठेवून मूळ कपडा विकून टाकायची सोय २०१६ मध्ये, सगळ्या पिशव्या एकत्र दाखवण्याचा पर्याय तर थेट २०२२ मध्ये. मूळ पिशवीची १६ घरं २०१८ पर्यंत १६च राहिली. त्या वर्षी ज्यांनी खात्याला ऑथेंटिकेटर (लॉगिनच्या वेळी जादा खात्री करून घेणारी सुरक्षेची सोय) आणि मोबाइल नंबर जोडला, त्यांना चार जादा घरं मिळाली. लोकांनी सुरक्षा वाढवावी म्हणून बॅगेचं आमिष! चार घरांसाठी माणूस काय काय करतो ते कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

सुधारणा म्हणून केलेली गोष्ट अंगाशी येते, याचं उदाहरण 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये सापडतं. अंतराळातल्या व्यापाराचा आणि लढायांचा हा खेळ २००३ पासून चालू आहे. मे २०१२ मध्ये कंपनीने जहाज, गोदाम, कंटेनर यांच्या वेगवेगळ्या खिडक्या काढून सगळं सामान एकाच खिडकीत, डाव्या बाजूला झाडासारख्या यादीत आणलं. कागदावर पाहिलं तर किती नीटनेटकं. पण जुन्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं चार खिडक्या चार कोपऱ्यांत मांडून ठेवल्या होत्या आणि त्यांचे हात त्या मांडणीला सरावले होते. एका दिवसात ती मोडली आणि बोंबाबोंब झाली. कंपनीला लागोपाठ दुरुस्त्या काढून वेगळ्या खिडक्या उघडायची सोय परत द्यावी लागली. आपल्या पत्रात 'आपोआप रचना करा' अशी मागणी आहे, तिला इथला धडा लागू होतो. आपोआप रचना बटण दाबल्यावरच व्हावी, मनाने होऊ नये, आणि खेळाडूने जे घर कुलूप लावून ठेवलंय त्याला तिने हात लावू नये.

आता पैशाची गोष्ट. 'पाथ ऑफ एक्झाइल' २०१३ मध्ये फुकट खेळायला मिळू लागला. त्याच्या कमाईतला एक भाग पेटीचे जादा कप्पे विकून येतो. ते निदान उघडपणे सांगितलेलं आहे. 'फॉलआउट ७६'ची कहाणी जास्त बोलकी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो आला तेव्हा पेटीची मर्यादा ४०० पौंड वजनाची होती आणि कारण तांत्रिक असल्याचं सांगितलं गेलं. डिसेंबरात ती ६०० झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याच्या वर्गणीची योजना आली आणि तिच्यात कच्च्या मालासाठी अमर्याद पेटी. खेळाडूंनी विचारायचं ते विचारलंच: सर्व्हरला झेपत नव्हतं ना?

म्हणजे बॅगेच्या त्रासाचे तीन प्रकार झाले. एक खेळाचाच भाग, एक यंत्राच्या नाइलाजाचा किंवा निष्काळजीपणाचा, आणि एक दुकानदारीचा. 'बॅग मोठी करा' या मागणीत तिन्ही एकत्र कालवले जातात आणि कंपनीला उत्तर टाळायला सोपं जातं. माझं मत विचाराल तर पत्रात मधल्या प्रकारावरच जोर द्यावा. पहिल्यावर भांडून उपयोग नाही. तिसऱ्यावर भांडायला हरकत नाही, पण ते सूचनापत्र नव्हे, ती घासाघीस.

आपल्याकडे हा सगळा इतिहास उशिरा आणि एकदम आला. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपासचे सायबर कॅफे सोडले तर मराठवाड्यात ऑनलाइन खेळ घरोघरी पोचला तो ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यानंतर. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला, फ्री फायर कमी ताकदीच्या फोनवरही चालत होता, आणि लातूरच्या ट्यूशन एरियातल्या खोल्यांमधून रात्री "काय करूलालास रे, बॅग फुल्ल झालीय, टाक की कायतर" असं ऐकू येऊ लागलं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. २०२१ च्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला तेव्हा जुन्या खात्यातलं सामान नव्या खेळात आणायची सोय दिली गेली, आणि पोरांनी खेळ सुरू करण्याआधी ते काम उरकलं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, जुलैत बीजीएमआयही अ‍ॅपच्या दुकानांतून गायब झाला आणि २०२३ मध्ये परतला. या धरसोडीत बॅगेतल्या वस्तू 'आपल्या' किती हे सगळ्यांना नीटच कळलं.

पण माउससाठी घडलेली बॅग फोनवर आली, ती तशीच्या तशी. माउसचं टोक सुईएवढं, अंगठा मात्र बोराएवढा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर तरी असावी. सहा इंची फोन आडवा धरून त्यावर आठ-नऊ ओळींची जाळी बसवली की ते गणित कोलमडतं. ओढून टाकायचं म्हटलं तर ओढली जाणारी वस्तू बोटाखालीच झाकली जाते. मोठमोठ्यांनाही हे सुटता सुटत नाही. 'माइनक्राफ्ट'मध्ये बारीकसारीक वस्तू एका घरात कोंबायची गाठोडी २०२० मध्ये जाहीर झाली आणि सगळ्यांच्या हाती यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. टच स्क्रीनवर ती सहज चालवता येणं ही त्यातली एक मोठी अडचण होती.

ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त शिव्या ज्या दोषाला पडतात, तो जवळून पाहण्यासारखा आहे. विक्रीच्या पडद्यावर जुना कुऱ्हाडीचा तुकडा निवडून 'विका' दाबलं. रेंज मंद, काहीच होत नाही. माणूस स्वाभाविकच पुन्हा दाबतो. तेवढ्यात पहिल्या दाबण्याला सर्व्हरचं उत्तर येतं, कुऱ्हाड यादीतून जाते, खालची सगळी यादी एक घर वर सरकते, निवडीची चौकट आता नव्या वस्तूवर येते आणि दुसरं दाबणं तिच्यावर पडतं. ती असते दिवाळीच्या इव्हेंटमध्ये मिळालेली, पुन्हा न मिळणारी बंदूक. यात खेळाडूचा दोष शून्य. उपायही महाग नाही. वस्तू विकली की तिचं घर पडदा बंद होईपर्यंत रिकामंच राहू द्यावं, बाकीच्यांनी जागा सोडू नये. पहिलं उत्तर येईपर्यंत बटण मंद करून ठेवावं. आणि विकलेलं परत घ्यायची सोय असावी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधले दुकानदार शेवटच्या बारा वस्तू त्याच किमतीत परत देतात, तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये.

इतर मुद्दे भराभर. कच्चा माल एका बटणात कोठारात जावा. 'गिल्ड वॉर्स २'मध्ये २०१२ पासून ते होतं. गोळ्या, पट्ट्या किती उचलायच्या याची मर्यादा खेळाडूला आधीच ठरवता यावी. पबजी मोबाइलमध्ये ती सोय आहे, आपण पत्र लिहितोय त्या खेळात नाही. वस्तूचा दर्जा नुसत्या रंगाने दाखवू नये. हिरवा आणि केशरी सारखेच दिसणारे आपल्या ग्रुपमध्येही आहेत, कोपऱ्यात एखादी खूण दिली तरी भागेल. देवनागरीत नाव लिहिलं की काना-मात्रा वर-खाली कापल्या जातात आणि लांब नावाचा अर्धा भाग तीन टिंबांत जातो, तेव्हा घराची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवू नये.

जाळी ठेवावी की यादी, यावर एकमत झालेलं नाही आणि होईल असं वाटत नाही. जाळीवाले म्हणतात एका नजरेत दिसतं, यादीवाले म्हणतात नाव वाचता येतं. दोन्हींचा पर्याय मागावा, असं मी सुचवलंय. पत्रासोबत फोनचं मॉडेल, रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती आणि 'विका'वाल्या दोषाचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडायचं ठरलंय. रेकॉर्डिंगचं काम गावाकडून खेळणाऱ्या दोघांनी अंगावर घेतलंय, कारण शहरातल्या रेंजवर तो दोष काही केल्या दिसत नाही.