उद्धट, उदात्त आणि उडालेली धूळ

"फार उद्धट आहे तो" असं आपण सहज बोलून जातो, पण या शब्दात चक्क मारामारी लपलीय. मूळ संस्कृत शब्द उद्धत. उद् म्हणजे वर आणि हत म्हणजे मारलेला, हत्या आणि आघात या शब्दांतला हन् धातू तोच इथेही आहे. थोडक्यात फटका बसून वर उडालेलं काहीतरी. आणि फटका बसला की वर काय उडतं, तर धूळ! शाकुंतलच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथाचे घोडे असे सुसाट सुटतात की त्यांच्याच टापांनी उडालेली धूळसुद्धा त्यांना गाठू शकत नाही, आणि त्या धुळीसाठी कालिदासाने शब्द वापरलाय 'आत्मोद्धत'. रथोद्धता नावाचं ११ अक्षरांचं वृत्तही आहे.

मग धुळीवरून तो शब्द माणसाला चिकटला, ज्याचे पाय जमिनीवर नाहीत असा माणूस. मराठीत येता येता त चा ट झाला आणि माझ्या मते बरंच झालं, उद्धट म्हणताना जीभच कशी ठणकन वाजते.

खरी गंमत पुढे आहे. उदात्त या शब्दातही तोच उद् आहे, उद् + आ + दत्त, म्हणजे वर उचलून घेतलेला. वेदपठणातल्या उंच स्वराला उदात्त म्हणतात ते यामुळेच. जुन्या नाट्यशास्त्रात धीरोदात्त नायक वेगळा आणि गर्विष्ठ, तापट असा धीरोद्धत नायक वेगळा. वर दोघंही गेलेत, फक्त एकाला उचललंय आणि दुसरा उडालाय. इंग्रजीतला हॉटी (haughty, म्हणजे गर्विष्ठ) पण फ्रेंचमधल्या 'उंच' वरूनच आला. रूडचं मात्र वेगळं आहे, लॅटिनमध्ये रुडिस म्हणजे कच्चा, न घडवलेला.

बाकी आपल्याकडे आगाऊ आहे, पैसे पण आगाऊ आणि पोरगं पण आगाऊ, दोन्ही वेळेच्या आधी पुढे आलेले. मग्रूर अरबीतून आला, तिथे त्याचा मूळ अर्थ फसवला गेलेला असा होता, स्वतःबद्दलच्या भ्रमात असलेला म्हणा ना. आणि एक बघा, लहान माणूस मोठ्याला उलट बोलला की उद्धट ठरतो, साहेब तसाच बोलला तर त्याला आपण मग्रूर म्हणतो, तेही त्याच्या पाठीमागे.

सगळ्यात वाईट हाल शिष्टचे झाले. शास् धातू, शिष्य आणि शास्त्र यांचा सख्खा भाऊ, अर्थ शिकवलेला, वळण लावलेला. आणि आज कुणाला "काय शिष्ट आहे!" म्हणालात तर तो महिनाभर बोलणार नाही तुमच्याशी.