शालेय परसबाग

प्राथमिक शाळेच्या आवारात किंवा लगतच्या जमिनीवर मुलांनी स्वतः पेरणी, निगराणी व काढणी करावी आणि त्या कामातून निसर्गाचा अभ्यास साधावा, या हेतूने राखलेली बाग. माळ्याकडून राखून घेतलेली शोभेची फुलबाग या संज्ञेत सहसा धरली जात नाही.

उगम : या बागेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी शिक्षणाच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. शाळेला लागून बाग हवी, हा विचार निदान सतराव्या शतकाइतका जुना आहे. मोरेव्हियातील शिक्षणविचारवंत कोमेनियस (१५९२–१६७०) याने तशी शिफारस केली होती. मात्र झाडे व फुले पाहून मुलांचे डोळे निवावेत, एवढीच त्याची अपेक्षा दिसते. मुलांच्या हाती कुदळ देणे हा वेगळा आणि अधिक महत्त्वाचा टप्पा होय. त्याचे श्रेय बहुधा फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाला दिले जाते. १८४० मध्ये त्याने आपल्या संस्थेला ‘बालोद्यान’ या अर्थाचे जर्मन नाव दिले. त्याच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे आणि या वाफ्यांभोवती सामाईक वाफ्यांचे कडे असे. व्यक्तीला समूहाने सांभाळून घ्यावे, असा त्यामागील भाव होता.

फ्रबेलची संस्था शाळेपूर्व वयाच्या मुलांसाठी होती. म्हणून काही अभ्यासक प्राथमिक शाळेतील बागेचा आरंभ ऑस्ट्रियाच्या १४ मे १८६९ च्या शिक्षण कायद्यापासून धरतात. या कायद्याने ग्रामीण शाळांना शक्य असेल तेथे बाग व शेतीच्या प्रयोगांसाठी जागा मिळवण्यास सांगितले. परंतु त्यातील बाग ‘शिक्षकासाठी’ होती, हे विसरून चालत नाही. शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनाला जोड म्हणून भाजीपाल्याची जमीन देण्याची रीत मध्य युरोपात आधीपासून होती आणि कायद्यातील शब्दांवर तिची छाप दिसते. लगेचच १८७० मध्ये एरास्मुस श्वाब या ऑस्ट्रियातील शिक्षकाने शालेय बागेवर पुस्तक लिहून ती मुलांच्या शिक्षणाचे साधन म्हणून मांडली. पुढील दशकांत ऑस्ट्रियन साम्राज्यात अशा हजारो बागा झाल्या. कल्पनेचा उगम फ्रबेलकडे आणि प्राथमिक शाळेतील प्रसार ऑस्ट्रियाकडे, ही विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

अमेरिकेत १८९१ मध्ये बॉस्टनजवळच्या रॉक्सबरी येथील शाळेत लावलेली बाग पहिली मानतात. तेथे प्रारंभी भाज्यांऐवजी परिसरातील रानफुले व नेचे लावले होते.

भारत : १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे रवींद्रनाथ टागोरांनी झाडांखाली वर्ग भरवले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने आखलेल्या नई तालीम या गांधीजींच्या उद्योगकेंद्री शिक्षणपद्धतीत शेती तसेच फळे-भाजीपाल्याची लागवड हे मूलोद्योगांपैकी, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या हातकामांपैकी होते. या पद्धतीत बाग हा जोडविषय नव्हता. गणित, भाषा, विज्ञान हे विषयच हातच्या कामातून उलगडावेत अशी अपेक्षा होती. वाफ्याचे क्षेत्रफळ, बियाण्याचे वजन, उत्पन्नाचा हिशेब हाच गणिताचा पाठ.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचे बोर्डी व कोसबाड (जि. पालघर, तत्कालीन ठाणे) येथील कार्य याच्या निकटचे आहे. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून शिक्षकच कुरणावर गेले. यातून ‘कुरणशाळा’ निर्माण झाली. ती परसबाग नव्हे, तरी उघड्यावरील शिक्षणाचे इतके अस्सल देशी उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

लागवड : युरोपात ऐन बहरात उन्हाळी सुटी येते. महाराष्ट्रात मात्र शाळा जूनमध्ये, पावसाबरोबरच उघडतात आणि पेरणीपासून काढणीपर्यंतचा क्रम मुलांना सलग पाहता येतो. चवळी व घेवडा चार-सहा दिवसांत उगवतात, मेथी महिनाभरात खुडणीला येते. धीर कमी असलेल्या लहान वर्गांना ही पिके सोयीची. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करतात. कोकणात जांभ्या खडकावर मातीचा थर उथळ असल्याने माती बाहेरून आणून भर घालावी लागते. वाफा मुलाचा हात मध्यापर्यंत पोचेल इतकाच रुंद ठेवतात, नाहीतर माती तुडवली जाते. हात धुण्याचे पाणी पन्हळीने अळूकडे किंवा केळीकडे वळवतात.

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मध्यान्ह भोजन योजनेंतर्गत शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हापासून पालक, शेवगा, कढीपत्ता अशा खिचडी-आमटीत पडणाऱ्या पिकांकडे कल वाढला. पोषणाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. तथापि फुलपाखरांसाठी रुई, लिंबू, कढीपत्ता आणि पक्ष्यांसाठी एखादे उंबराचे झाड राखल्यास परिसर अभ्यासाला अधिक सामग्री मिळते. मे महिन्यातील पाणी ही मुख्य अडचण राहते. त्यामुळे हंगामी पिके मार्चपर्यंत संपवून शेवग्यासारखी तग धरणारी झाडे तेवढी उन्हाळ्यात ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.